एक्सकडून वेलंडकडे : एका स्थित्यंतराची मीमांसा

१

मुक्तस्रोत संगणकाच्या पडद्यावर जे काही उमटते त्याचा कारभार तीन दशकांहून अधिक काळ मुख्यतः एकाच प्रणालीने पाहिला. ‘एक्स विंडो सिस्टिम’ हे तिचे नाव. १९८४ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस यांच्या प्रयत्नांतून ती उदयास आली. स्टॅनफर्ड येथील ‘डब्ल्यू’ नावाच्या प्रणालीवरून ती घडविण्यात आली आणि इंग्रजी वर्णमालेतील पुढचे अक्षर तिला नाव म्हणून लाभले. तिची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. बारावी कधी निघालीच नाही. पुढे जी भर पडली ती ‘एक्स ११’ च्या पोटातच, जोडण्यांच्या रूपाने पडली. नव्वदच्या दशकात ‘एक्सएफ्री८६’ या नावाने ती घरगुती संगणकांवर रुळली, आणि २००४ साली परवान्यासंबंधीच्या वादातून तिचे पालकत्व ‘एक्स.ऑर्ग’ या प्रतिष्ठानाकडे आले.

तिची जागा घेणाऱ्या ‘वेलंड’ चा आरंभ २००८ साली क्रिस्तियान होग्सबर्ग यांनी केला. ते एक्सचे विरोधक नव्हते. एक्सच्याच चित्रण-व्यवस्थेतील ‘डीआरआय २’ हा भाग त्यांनी लिहिला होता. वेलंडची १.० ही आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये निघाली. नोव्हेंबर २०१६ मधील ‘फेडोरा २५’ ने ग्नोम डेस्कटॉपसाठी वेलंड हाच मूळ पर्याय ठरविला; फेब्रुवारी २०२४ मध्ये केडीईच्या ‘प्लाझ्मा ६’ ने तेच केले. मे २०२५ मधील ‘रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १०’ मधून एक्सचा स्वतंत्र सर्व्हर वगळण्यात आला, आणि सप्टेंबर २०२५ मधील ‘ग्नोम ४९’ ने एक्सवरील सत्र मूळ बांधणीत बंद ठेवले.

आरंभापासून या शेवटच्या टप्प्यापर्यंत सतरा वर्षे लोटली. ज्या क्षेत्रात पाच वर्षांचे यंत्र जुने गणले जाते तेथे एका घटकाच्या बदलास एवढा काळ का लागावा, हा प्रश्न विचारार्ह आहे. त्याची दोन ठरीव उत्तरे दिली जातात. वेलंडचे पुरस्कर्ते म्हणतात की, लोकांना जुन्याचा मोह सुटत नाही; विरोधक म्हणतात की, चालत्या गाड्याला खीळ घालण्याचा हा नव्याचा सोस आहे. दोन्ही उत्तरे स्वभावदोषाकडे बोट दाखवितात आणि रचनेचा विचार टाळतात. विलंबाचे खरे कारण या दोन प्रणालींच्या रचनेत, आणि विशेषतः त्या दोघींनी ज्या बाबतीत मौन पाळले त्या मौनात, शोधावयास हवे.

२

एक्सच्या रचनाकारांचे एक सूत्र प्रसिद्ध आहे: साधन पुरवावे, धोरण लादू नये. खिडकी कशी काढावी, कळ दाबल्याची वार्ता कशी पोहोचवावी, हे एक्स ठरविते. परंतु खिडकीला चौकट असावी की नाही, ती कोठे मांडावी, दोन आज्ञावल्यांनी मजकुराची देवाणघेवाण कोणत्या रीतीने करावी, याविषयी ती मौन धारण करते. ही कामे निराळ्या आज्ञावल्यांनी आणि त्यांच्यातील संकेतांनी पार पाडावीत अशी अपेक्षा होती. त्यांतील काही संकेत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस लेखनिविष्टही झाले.

त्या काळी हे सूत्र शहाणपणाचे होते. संगणकाच्या खिडकीचे रूप कसे असावे याविषयी तेव्हा एकमत नव्हते, आणि अनेक कारखान्यांची यंत्रे एकाच प्रणालीने जोडावयाची होती. धोरण लादले असते तर ते दहा वर्षांत कालबाह्य झाले असते. एक्स टिकली याचे बरेचसे श्रेय या संयमाला दिले पाहिजे.

तथापि या मौनाला दुसऱ्या एका गोष्टीचा आधार होता, आणि तिकडे सहसा लक्ष जात नाही. एक्सचे घर सताड उघडे होते. एका पडद्याशी जोडलेली कोणतीही आज्ञावली दुसरीच्या खिडकीचे चित्र घेऊ शके, तिच्याकडे जाणाऱ्या कळा ऐकू शके, खोट्या कळा पाठवूही शके. म्हणून जे काम एक्सने केले नाही ते कोणा तिऱ्हाइताला करता येत असे. पडद्याचे चित्र घेणारी साधने, अंधांसाठी पडदा वाचून दाखविणाऱ्या आज्ञावल्या, एकाच कळीने दहा कामे करवून घेणारी साधने ही सारी या मोकळिकीच्या आश्रयाने वाढली. त्यांपैकी बहुतेकांनी कोणाची परवानगी मागितली नाही, कारण परवानगी मागावी असे दारच तेथे नव्हते.

३

मोकळिकीची किंमतही मोठी होती. उघड्या घरात चोर आणि पाहुणा यांत भेद करता येत नाही. कोठून तरी उतरवून घेतलेला एखादा खेळ बँकेचा संकेतशब्द टिपून घेऊ लागला, तर त्याला अडविण्याचे परिणामकारक साधन एक्सच्या नित्य वापरात नव्हते. पुढे जोडलेली बंधने क्वचितच उपयोगात आली. पडद्याला कुलूप लावणारी आज्ञावलीदेखील एक्सच्या लेखी इतरांसारखीच एक सामान्य आज्ञावली होती. ती कोसळली तर कुलूप उघडे. आणि एखादी यादी पडद्यावर उघडी राहिली असेल, तर कळफलकाचा ताबा न मिळाल्यामुळे कुलूप लागतच नसे. संकेतावलीच्या वयाचाही भार होता. जानेवारी २०१४ मध्ये अक्षरसंचांच्या ग्रंथालयातील जो दोष उघडकीस आला तो १९९१ पासून, म्हणजे बावीस वर्षे, तेथे बसून होता.

चित्रणाच्या बाबतीत एक्सची अवस्था अधिक विलक्षण झाली होती. मूळ एक्स हा चित्रकार होता: रेषा, वर्तुळखंड, अक्षरे यांच्या आज्ञा त्याला द्याव्यात आणि त्याने त्या पडद्यावर रेखाटाव्यात, अशी योजना होती. देवनागरीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. मूळ एक्समध्ये मजकूर म्हणजे एकापुढे एक मांडलेल्या अक्षरचित्रांचे क्रमांक. या कल्पनेत ‘क्ष’ किंवा ‘स्त्र’ यांसारख्या जोडाक्षरांना स्थान नव्हते. उच्चारात व्यंजनानंतर येणारी पण लेखनात त्याच्या आधी बसणारी ऱ्हस्व वेलांटी तर तिला पेलणारीच नव्हती. मराठी मजकूर शुद्ध रूपात दिसावयाचा तर अक्षरांची जुळणी सर्व्हरच्या बाहेर, आज्ञावलीच्या स्वतःच्या कक्षेत होणे भाग होते. २००० च्या सुमारास कीथ पॅकार्ड यांच्या ‘रेंडर’ जोडणीने हे सुकर केले, आणि ‘पँगो’ व पुढे ‘हार्फबझ’ यांसारख्या ग्रंथालयांनी ते काम हाती घेतले. तेव्हापासून एक्सचा सर्व्हर अक्षर जाणत नाही. तयार चित्रे तेवढी स्वीकारतो.

जे अक्षरांचे झाले तेच पुढे रेषांचे, चित्रांचे आणि खिडक्यांचे झाले. २००४ मध्ये ‘कंपोझिट’ जोडणी आली आणि खिडक्या एकत्र जुळवून अंतिम दृश्य सिद्ध करण्याचे कामही एका वेगळ्या आज्ञावलीकडे गेले. छापखान्यात खिळे जुळविणाऱ्याला जे नाव आहे तेच तिलाही मिळाले: कंपोझिटर. २००९ पासून पडद्याची लांबी-रुंदी ठरविण्याचे कामही लिनक्सच्या कर्नलने आपल्याकडे घेण्यास आरंभ केला. एक्सच्या हाती उरले ते मध्यस्थाचे काम. आज्ञावली चित्र काढून सर्व्हरला कळविणार, सर्व्हर कंपोझिटरला कळविणार, कंपोझिटर जुळवणी करून पुन्हा सर्व्हरकडे देणार, आणि सर्व्हर ते कर्नलकडे पोहोचविणार. कंपोझिटरने खिडकी तिरपी केली किंवा लहान केली, तर सर्व्हरला त्याचा पत्ता नाही. माउसची टिचकी कोणत्या खिडकीवर पडली हे तो जुन्याच हिशेबाने ठरविणार. जेथे निर्णय होतो तेथे माहिती नाही आणि जेथे माहिती आहे तेथे अधिकार नाही, अशी ही स्थिती होती.

४

वेलंडचे उत्तर सरळ आहे. मध्यस्थ काढून टाकावा. कंपोझिटर हाच सर्व्हर व्हावा. आज्ञावलीने आपले चित्र स्वतःच्या स्मृतिखंडात काढावे आणि त्याचा हवाला कंपोझिटरच्या हाती द्यावा. चित्र अर्धवट असता ते पडद्यावर येऊ नये. कळ कोणाला द्यावयाची हे कंपोझिटरने ठरवावे आणि ज्या खिडकीकडे लक्ष केंद्रित आहे तिलाच ती मिळावी. एका आज्ञावलीला दुसरीचे अस्तित्वदेखील कळण्याचे कारण नाही. एवढेच काय, आपली खिडकी पडद्यावर कोठे आहे हेही तिला कळण्याचे कारण नाही.

या रचनेचे गुण वादातीत आहेत. दृश्य फाटत नाही, निरनिराळ्या घनतेचे दोन पडदे एकाच वेळी नीट चालविता येतात, आणि एका आज्ञावलीने दुसरीवर हेरगिरी करण्याचा राजमार्ग बंद होतो. जुन्या आज्ञावल्यांसाठी ‘एक्सवेलंड’ नावाचा दुभाषाही ठेवलेला आहे, हा विचारीपणाच म्हणावा लागेल.

परंतु वेलंडचा मूळ प्रोटोकॉल, म्हणजे आज्ञावल्यांनी परस्परांशी बोलण्याचे ठरलेले नियम, हेतुपुरस्सर अल्प ठेवण्यात आला. पडद्याचे चित्र कसे घ्यावे, दूरच्या माणसाला पडदा कसा दाखवावा, पडदा वाचणाऱ्या आज्ञावलीने कळा कशा ऐकाव्यात, रंगांचा अचूक मेळ कसा घालावा, याविषयी त्यात काही नव्हते. या गोष्टी पुढे जोडण्यांनी किंवा प्रोटोकॉलच्या बाहेर साधाव्यात अशी भूमिका होती. वेलंडनेही येथे मौनच स्वीकारले. एक्सप्रमाणे तिनेही धोरण प्रोटोकॉलच्या बाहेर ठेवले. बदलले ते एवढेच की, एक्सने ते कोणाही आज्ञावलीवर सोपविले होते आणि वेलंडने ते कंपोझिटरवर सोपविले.

बदल लहान वाटतो, पण निर्णायक तोच आहे. दार उघडे असताना घरधन्याने मौन पाळले तर गरजू आपली सोय स्वतः पाहतो. दार बंद करून जो मौन पाळतो, त्याच्या मौनाचा अर्थ नकार असा होतो. एक्समधील उणीव तिऱ्हाइताला भरून काढता येत होती. वेलंडमधील उणीव कंपोझिटरच्या कर्त्याखेरीज कोणालाही भरून काढता येत नाही. एकच तत्त्व पहिल्या रचनेत सहिष्णुता ठरले आणि दुसऱ्या रचनेत तेच अनेकांच्या वाट्याला वंचना म्हणून आले. सतरा वर्षांच्या विलंबाचे मर्म मुख्यतः येथे आहे. चित्रण-यंत्रांच्या कारखानदारांचे मतभेद, विशेषतः एनव्हिडियाने २०२१ पर्यंत धरलेला वेगळा मार्ग, हे दुय्यम कारण मानावे लागेल. कारण तो प्रश्न सुटल्यावरही तक्रारी थांबल्या नाहीत.

५

वेलंडवरील सर्वच आक्षेप सारख्या तोलाचे नाहीत. एक्स जाळ्यावरून चालते, एका यंत्रावरील आज्ञावली दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर दाखविते, आणि वेलंडने हा गुण गमावला, हा आक्षेप वारंवार घेतला जातो. तो दुबळा आहे. आधुनिक आज्ञावल्या एक्सवरूनही रेषांच्या आज्ञा न धाडता तयार चित्रेच धाडीत होत्या, आणि तेच काम ‘वेपाइप’ सारख्या साधनाने वेलंडवरही होते. कंपोझिटर कोसळला तर सगळ्या खिडक्या जातात, हा आक्षेप अधिक सबळ आहे. सर्व अधिकार एके ठिकाणी आणल्याचे ते साहजिक फळ होय. प्लाझ्मा ६ ने क्यूटीवर लिहिलेल्या आज्ञावल्यांपुरता त्यावर उपाय केला आहे. २०२५ साली ‘एक्सलिब्रे’ या नावाने एक्सची वेगळी शाखा निघाली. ती असंतोषाची निदर्शक आहे, परंतु मध्यस्थाचा मूळ प्रश्न तिने सुटत नाही.

खरा आक्षेप पडदा वाचून दाखविणाऱ्या आज्ञावल्यांच्या बाबतीत आहे. ग्नोमवर अंध व्यक्तींच्या उपयोगाची ‘ओर्का’ नावाची आज्ञावली आहे. कॅप्स लॉकसारखी एक कळ दाबून ठेवून तिला आज्ञा द्यावयाच्या असतात: हे वाक्य वाच, मागे जा, थांब. यासाठी कोणतीही खिडकी समोर असली तरी कळा ओर्काला ऐकू आल्या पाहिजेत. वेलंडचा सुरक्षानियम नेमके हेच निषिद्ध मानतो, कारण कळा चोरणारी आज्ञावली आणि अंधाला साहाय्य करणारी आज्ञावली यांची मागणी बाह्यतः एकच असते. काही काळ खिडक्या रचणाऱ्या ग्रंथालयांनी स्वतःहून ओर्काला कळा कळविल्या. पण ‘जीटीके ४’ मध्ये ती जुनी वाट उरली नाही. कंपोझिटरनेच अशा आज्ञावलीला रीतसर कळा कळवाव्यात ही सोय मार्च २०२५ मधील ‘ग्नोम ४८’ मध्ये आली.

या दोन तारखा एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. डोळस उपयोगकर्त्यांसाठी वेलंड हा मूळ पर्याय नोव्हेंबर २०१६ मध्ये ठरला. अंध उपयोगकर्त्यांच्या कळांची व्यवस्था मार्च २०२५ मध्ये लागली. मधली आठ वर्षे ज्यांना पडदा दिसतो त्यांच्या दृष्टीने प्रगतीची होती. ज्यांना दिसत नाही त्यांना सुरळीत कामासाठी जुन्या एक्सचाच आधार धरावा लागला, आणि त्याच काळात तो आधार काढून घेण्याची सिद्धता चालू होती.

पडदा दूरस्थांना दाखविण्याची सोयही प्रोटोकॉलच्या बाहेरच लागली: २०१७ साली जाहीर झालेली ‘पाइपवायर’ आणि परवानगी विचारणारी ‘पोर्टल’ व्यवस्था यांच्या योगाने. हा उपाय जुन्यापेक्षा निश्चितच चांगला आहे, कारण आता पडदा कोणाला दाखवावयाचा हे उपयोगकर्ता स्वतः ठरवितो. बंद दाराला परवानगीची खिडकी ठेवता येते हे त्याने सिद्ध केले. ती खिडकी दाराबरोबरच का बसविली गेली नाही, असा प्रश्न मग उरतो.

६

मराठी लिहिणाऱ्यालाही या मौनाची झळ लागली आहे. इन्स्क्रिप्टसारख्या कळफलकाने लिहिणाराची स्थिती बरी आहे. एका कळीला एक चिन्ह हे त्याचे गणित. ही मांडणी जेथे नोंदलेली असते तो एक्सचा संग्रह वेलंडने जसाच्या तसा स्वीकारला. मराठीच्या निरनिराळ्या मांडण्या त्यामुळे विनासायास नव्या घरात आल्या. जुन्याचे काय राखावे याचा विवेक येथे दिसतो.

रोमन अक्षरे उच्चाराप्रमाणे टंकून देवनागरी मिळविणाराची गोष्ट वेगळी. त्याने ‘क’ साठी एक आणि ‘का’ साठी आणखी दोन कळा दाबल्या की त्या मधल्यामध्ये अडवून त्यांचे रूपांतर करणारी ‘आयबस’ किंवा ‘एफसीआयटीएक्स’ यांसारखी आज्ञावली लागते. एक्समध्ये यासाठी १९९१ पासून एक व्यवस्था होती; ती ओबडधोबड होती, पण सर्वत्र एकच होती. वेलंडमध्ये मजकूर घेणाऱ्या आज्ञावलीने कसे बोलावे याचे नियम आले, परंतु रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीने कंपोझिटरशी कसे बोलावे याविषयी एकवाक्यता झाली नाही. ग्नोम आयबसशी स्वतःच्या खाजगी वाटेने बोलते, केडीईचा कंपोझिटर त्या नियमांची पहिली आवृत्ती वापरतो, आणि ‘डब्ल्यूएलरूट्स’ वर आधारलेले कंपोझिटर दुसरी. प्लाझ्मा ६ च्या आरंभीच्या आवृत्त्यांत तर ही निवड ‘आभासी कळफलक’ या सदराखाली करावी लागे. खरा कळफलक समोर असलेल्या माणसाने तेथे कशासाठी डोकवावे?

मराठी, चिनी, जपानी किंवा कोरियन लिहिणाऱ्यांना येथे एकच अनुभव येतो. ज्यांची भाषा कळफलकावर छापलेल्या अक्षरांनी सरळ लिहिता येते त्यांना या त्रुटीचा पत्ताही लागत नाही. प्रोटोकॉलच्या चर्चेत जे बहुसंख्य असतात त्यांच्या नित्य अनुभवात जे येत नाही ते ‘पुढे पाहू’ या खात्यात जाते. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. पण परिणाम भोगणाराला हेतूच्या शुद्धतेने दिलासा मिळत नाही.

७

एवंच, एक्सचे विसर्जन अपरिहार्य होते यात शंका घेण्यास जागा नाही. ज्या सर्व्हरकडे चित्रण उरले नाही, अक्षर उरले नाही, पडद्याचा ताबाही उरला नाही, त्याने मध्यस्थ म्हणून किती काळ राहावे? उघड्या घराची सुरक्षितता आजच्या काळात समर्थनीय नाही, हेही मान्य केले पाहिजे. वेलंडची दिशा बरोबर आहे आणि तिचा पाया एक्सपेक्षा अधिक विचारपूर्वक घातलेला आहे.

टीका करावयाची ती तिच्या क्रमावर. एखाद्या जुन्या प्रणालीची जागा घेऊ पाहणाऱ्याने नवे काय अधिक चांगले करते याची यादी सहज करावी. ती यादी करणे आनंदाचे असते. जुनी प्रणाली नकळत, केवळ आपल्या ढिलाईमुळे, कोणाकोणाच्या उपयोगी पडत होती याची यादी करणे कष्टाचे असते, कारण त्या उपयोगांची कोठे नोंद नसते आणि ते उपयोग करणारे संख्येने थोडे व आवाजाने क्षीण असतात. तथापि दार बंद करण्याचा अधिकार घेणाऱ्यावर ही दुसरी यादी आधी करण्याचे कर्तव्य येते. ती झाली असती तर पडदा वाचणारी आज्ञावली आणि अक्षर रूपांतरित करणारी आज्ञावली यांना नव्या रचनेच्या कसोटीचे स्थान मिळाले असते. त्यांना उपेक्षित याचकांप्रमाणे दाराशी थांबावे लागले नसते.

रंगांच्या अचूक मेळासंबंधीचा नियम अनेक वर्षांच्या चर्चेनंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य झाला. स्क्रीनरीडरची व्यवस्था त्याच सुमारास लागली. उणिवा भरून निघत आहेत, यात समाधान आहे. परंतु ग्नोममध्ये जी सोय लागली ती इतर कंपोझिटरांत आपोआप लागत नाही. प्रत्येकाने ती स्वतंत्रपणे बांधावयाची आहे. एक्सचा आधार पूर्णपणे निघून जाण्यापूर्वी ती बांधली जाते की नंतर, यावर या स्थित्यंतराचे अंतिम मूल्यमापन अवलंबून राहील. आणि ते मूल्यमापन करण्याचा पहिला अधिकार ज्यांना ही वाट सर्वांत लांब पडली त्यांचाच आहे.